चेतापेशींच्या पाठीराख्या
धार-देवासकडे पिकल्या आंब्यांच्या टोपलीवर भिरभिरणारं चिलट म्हणजे ड्रॉसोफिला. आंब्यात अळ्या पाडणारी फळमाशी वेगळी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दिकी यांनी १९७६ मध्ये सीमूर बेंझर यांच्यासह, तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या ड्रॉसोफिलांच्या चेतासंदेशांतले दोष दाखवले. पण चेतापेशी एकटीनं काहीच निभावत नाही. ड्रॉसोफिलाच्या रक्तद्रवात पोटॅशियम भरपूर. ते थेट चेतापेशींना भिडलं, तर संदेशच थांबतील. खसखशीच्या दाण्याहून लहान अशा तिच्या मेंदूभोवती ग्लिया नावाच्या पाठीराख्या पेशी एकमेकींना घट्ट सांधून बसतात आणि ते अडवतात. आतल्या ग्लिया चेतापेशींच्या सांध्यांजवळ संदेश वाहून उरलेलं ग्लुटामेट शोषून घेतात, म्हणून पुढचा संदेश स्वच्छ पोचतो. साखरेपासून लॅक्टेट बनवून चेतापेशींना इंधन पुरवतात त्याही ग्लियाच.