पगारातून कर किती कापला जावा?

आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एचआरचा मेल येतो: कररचना निवडा, गुंतवणुकीचे डिक्लेरेशन भरा. अनेक जण मागच्या वर्षीचेच आकडे टाकून मोकळे होतात. पण दरमहा हातात किती पगार पडणार, हे बरेचसे याच फॉर्मवर ठरते. कंपनी वर्षभराच्या पगाराचा अंदाज बांधते, त्यावरचा कर काढते आणि तो बारा महिन्यांत विभागून कापते. हा अंदाज जितका अचूक, तितकी वर्षअखेरची ओढाताण कमी.

2025-26 चे उदाहरण घेऊ. पगार 15 लाख, नवी कररचना. 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन 14 लाख 25 हजार उरतात. त्यावर उपकरासह कर होतो 97,500 रुपये, म्हणजे महिना 8,125. तुम्ही काहीच कळवले नाही, तर कंपनी हीच नवी रचना धरते. कंपनीला कळवलेली निवड मात्र कायमची नसते. व्यवसायाचे उत्पन्न नसेल, तर मुदतीत विवरणपत्र भरताना ती बदलता येते.

फुगवलेले डिक्लेरेशन

जुन्या रचनेत खरी गंमत जानेवारीत सुरू होते. एप्रिलमध्ये 80सी खाली दीड लाख लिहिले, पण पावत्या देता आल्या नाहीत, तर 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर 46,800 रुपयांनी वाढतो. तो उरलेल्या दोन-तीन पगारांतून वसूल होतो. मार्चचा पगार बघून घरी जो हिशेब निघतो, त्याचे मूळ इथे असते.

मधेच नोकरी बदलली तर

वरच्याच पगारावर ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली, असे समजा. आधीच्या कंपनीने सहा महिन्यांत 48,750 कापले. नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहितीच दिली नाही, तर तिच्या हिशेबी तुमचे वर्षाचे उत्पन्न फक्त साडेसात लाख. नव्या रचनेत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, म्हणून ती एक रुपयाही कापत नाही. उरलेले 48,750 विवरणपत्र भरताना व्याजासह अंगावर येतात. जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील रुजू होतानाच द्यावा, तो यासाठी.

एफडीचे व्याज

बँक व्याजावर 10 टक्के टीडीएस कापते. 30 टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला एक लाख व्याजावर 31,200 रुपये कर लागतो, म्हणजे 21,200 कमी पडतात. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10 हजार किंवा जास्त उरत असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. नाही भरला, तर महिना एक टक्का व्याज. ती कटकट नको असेल, तर हे व्याज कंपनीला कळवा. ती ते धरून पगारातूनच जास्त कर कापू शकते.

मग जास्तच कापू द्यावा का? परतावा मिळाला की बोनस मिळाल्यासारखे वाटते खरे. पण त्यावर सरकार देते महिना अर्धा टक्का साधे व्याज, तेही करपात्र. आणि परतावा एकूण कराच्या 10 टक्क्यांहून कमी असेल, तर तेवढेही नाही. घरकर्जाचा हप्ता किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असणाऱ्याला हा सौदा महागच पडतो.

दिवाळीच्या सुमारास पे-स्लिप काढा. आतापर्यंत कापलेला कर आणि वर्षाचा अपेक्षित कर शेजारी शेजारी मांडा. फरक दिसला, तर डिक्लेरेशन तेव्हाच सुधारा. तूट भरून काढायला अजून चार-पाच पगार हातात असतात.