गाडी वेशीबाहेर, पावले वेशीच्या आत
इटलीत स्वतः गाडी चालवून फिरायचे, तर नियोजन कसे करावे?

परदेश सहल म्हणजे दहा दिवसांत सात देश, हे समीकरण आता मागे पडू लागले आहे. एकच देश निवडावा, भाड्याची गाडी घ्यावी आणि आपल्या गतीने फिरावे, असा विचार करणाऱ्या पर्यटकांना इटली विशेष खुणावते. मात्र अशा सहलीत फसगत होते ती बहुधा दोन कारणांनी. नकाशावरची अंतरे लहान दिसतात म्हणून एका दिवसात चार-पाच गावे कोंबली जातात, आणि गाडी आहे म्हणून ती थेट गावाच्या चौकापर्यंत नेली जाते. पहिल्या चुकीत दिवस वाया जातो. दुसरीचा दंड मायदेशी परतल्यावर काही महिन्यांनी हाती पडतो.

मध्य इटलीतील बहुतेक जुनी गावे टेकड्यांच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत वसली आहेत. शत्रूपासून संरक्षण हा त्यामागचा हेतू होता. तेथील गल्ल्या माणसे आणि जनावरे यांच्या मापाने आखलेल्या आहेत. त्यामुळे दोन गावांमधला प्रवास गाडीने आणि गावातला फेरफटका पायी, हाच तेथील स्वाभाविक क्रम ठरतो. नियोजनाची सुरुवात येथूनच करावी.

तीन रस्ते, तीन स्वभाव

नवख्या चालकासाठी टस्कनी हा प्रदेश सर्वांत सोयीचा. फ्लॉरेन्स ते सिएना हे अंतर द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या 'कियांतिजाना' या जुन्या रस्त्याने सुमारे ७० किलोमीटर आहे. थेट जाणारा जलद रस्ता याहून कमी वेळात पोहोचवतो. पण कियांतिजानाचे सौंदर्य वळणांत आणि थांब्यांत आहे. ग्रेवे, पान्झानो, कास्तेल्लिना ही गावे पाहत जायचे, तर त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवावा. सिएनाच्या दक्षिणेला ओर्चा नदीचे खोरे लागते. गव्हाची शेते, सुरूच्या रांगा आणि मधूनच एखादे शेतघर असे हे दृश्य चित्रांतून जगभर पोहोचले आहे. या खोऱ्याला २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. एप्रिल-मे महिन्यांत येथे हिरवळ असते, तर सप्टेंबर-ऑक्टोबर हा द्राक्षतोडणीचा हंगाम.

उत्तरेला डोलोमाइट पर्वतात बोल्झानो ते कोर्तिना दाम्पेझ्झो हा १९०९ मध्ये पूर्ण झालेला घाटरस्ता आहे. त्यावरील पोर्दोई खिंडीची उंची २,२३९ मीटर आहे. त्याहून उंच स्तेल्व्हिओ खिंड (२,७५७ मीटर) हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते. तिच्या एकाच बाजूला ४८ तीव्र वळणे आहेत. घाटात गाडी चालवण्याचा सराव नसलेल्यांनी येथे घाई करू नये. थंडीच्या महिन्यांत पर्वतीय रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या बाळगणे सक्तीचे असते.

तिसरा रस्ता अमाल्फी किनाऱ्याचा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या अरुंद पट्टीवरून समोरून येणाऱ्या बसगाड्या. चालकाला येथे समुद्राकडे पाहण्याची सवड मिळत नाही. गर्दीच्या हंगामात गाड्यांच्या क्रमांकानुसार सम-विषम बंधनेही लावली जातात. या किनाऱ्यापुरती गाडी सोडून बस किंवा बोटीने फिरणे अधिक सुखाचे ठरते.

'वार्को आत्तिवो'चा अर्थ

इटलीतील बहुतेक शहरांच्या जुन्या भागात 'झेडटीएल' म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. पांढऱ्या वर्तुळाभोवती लाल कडा असलेली पाटी ही त्याची खूण. प्रवेशावर कॅमेरे असतात; कोणी अडवत नाही, केवळ क्रमांक टिपला जातो. काही ठिकाणी विजेच्या फलकावर 'वार्को आत्तिवो' अशी अक्षरे झळकतात. प्रवेशद्वार सुरू आहे, असा त्याचा अर्थ पर्यटक लावतात. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा, म्हणजे बंदी लागू आहे, असा असतो. 'नॉन आत्तिवो' असेल तेव्हाच गाडी आत नेता येते.

चूक झाल्यास पोलीस गाडीच्या क्रमांकावरून भाडे कंपनीकडे चालकाची माहिती मागतात. ती पुरवल्याबद्दल कंपनी आपले शुल्क क्रेडिट कार्डातून वळते करते आणि दंडाची नोटीस स्वतंत्रपणे येते. परदेशी राहणाऱ्यांना ती पाठवण्यासाठी ३६० दिवसांपर्यंतची मुदत आहे. एकाच दिवशी दोन प्रवेश ओलांडले, तर दोन दंड होऊ शकतात. हॉटेल या क्षेत्रात असेल, तर गाडीचा क्रमांक हॉटेलमार्फत आधी नोंदवता येतो का, हे आरक्षण करतानाच लेखी विचारावे. तटबंदीबाहेरचे किंवा शेतावरचे मुक्कामाचे घर निवडले, तर हा प्रश्नच उरत नाही.

गाडी उभी करताना रस्त्यावरच्या रेषांचा रंग पाहावा. पांढरी रेषा साधारणपणे मोफत, निळी पैसे भरून, तर पिवळी राखीव जागेसाठी असते. मोफत जागेतही वेळेची मर्यादा असू शकते, म्हणून शेजारची पाटी वाचणे आवश्यक.

चालण्याचे वेळापत्रक

एका दिवसात एक मोठे किंवा दोन लहान गावे, हे प्रमाण सुखावह आहे. सिएनाने विसाव्या शतकाच्या साठच्या दशकातच आपल्या मध्यभागातील मोटारी बंद केल्या. तेथील शिंपल्याच्या आकाराच्या उतरत्या चौकात २ जुलै आणि १६ ऑगस्टला 'पालिओ' ही घोड्यांची शर्यत होते. त्या सुमारास मुक्कामाची सोय फार आधी करावी लागते. सान जिमिन्यानोत मध्ययुगीन मनोऱ्यांपैकी १४ आजही उभे आहेत. दिवसभर तेथे गर्दी असते. पण संध्याकाळी सहलीच्या बस परतल्या की गाव शांत होते. तेथे मुक्काम केला, तर ते शांत रूप पाहता येते. पिएन्झा हे पोप दुसरे पायस यांचे जन्मगाव. १४५९ पासून त्यांनी वास्तुकार रोस्सेल्लिनो यांच्याकडून त्याची नव्याने रचना करून घेतली. हे गाव दोन तासांत निवांत पाहून होते.

लहान गावांत दुपारी अनेक दुकाने आणि चर्च काही तास बंद असतात. म्हणून सकाळी चालणे, दुपारी गाडीचा प्रवास आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा चालणे, असा क्रम ठेवावा. जूनमध्ये रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो. दगडी फरसबंदीवर पकड असलेली पादत्राणे हवीत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे अपेक्षित असतात. सोबत ज्येष्ठ नागरिक असतील, तर पेरुजा आणि ओर्व्हिएतो ही शहरे सोयीची आहेत. पायथ्याशी गाडी ठेवून सरकत्या जिन्यांनी वर जाता येते.

दोन मराठी खुणा

या वाटेवर दोन ठिकाणी महाराष्ट्राचा संदर्भ भेटतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निधन पावले. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. कॅशिने उद्यानाच्या टोकाला त्यांचे स्मारक आहे आणि जवळच्या पुलाला 'भारतीयाचा पूल' असे नाव आहे. नदीकाठाने उद्यानातून तेथवर जाणारी वाट सपाट आणि सावलीची आहे.

दुसरी खूण उंब्रिया प्रांतातील मोन्तोने या डोंगरमाथ्यावरच्या गावात आहे. १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते जिंकले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. जुलै २०२३ मध्ये मोन्तोने येथे त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारकाचे अनावरण झाले. पेरुजाहून अर्ध्या दिवसाची ही फेरी होते.

निघण्यापूर्वी

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ असणे आवश्यक आहे. तो प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. भाड्याच्या गाडीची अनामत साधारणतः चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर रोखली जाते. वाहतूक उजव्या बाजूने असल्याने स्वयंचलित गिअरची गाडी आगाऊ मागून घेणे हिताचे. द्रुतगती मार्गावर कमाल वेग ताशी १३० आणि पावसात ११० किलोमीटर असतो. वस्तीत तो ५० वर येतो. टोलनाक्यावरील केवळ 'टेलिपास'साठीच्या पिवळ्या मार्गिका टाळाव्यात.

रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच चाक हाती घेऊ नये. पहिले दोन दिवस फ्लॉरेन्स पायीच पाहावे आणि शहर सोडण्याच्या सकाळी गाडी ताब्यात घ्यावी. त्यामुळे दोन दिवसांचे भाडे आणि गाडी ठेवण्याचा खर्च वाचतो, आणि नव्या देशातील वाहतुकीचा पहिला अनुभव थकलेल्या डोळ्यांनी घ्यावा लागत नाही.