खरें ऐकविणारा स्पीकर कसा निवडावा?

पुसेगांवासारख्या गांवांत आज बहुतेक घरीं ध्वनिमुद्रणाचें साधन आहे. पूर्वीं जें काम आकाशवाणीच्या केंद्रांत जाऊन करावें लागे, तें आतां खिशांतील मोबाइल करूं शकतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, एकादशीचें भजन, संमेलनांतील नाट्यप्रवेश, असें कितीतरी त्यांत सांठवितां येतें. परंतु मुद्रण झालें म्हणजे अर्धीच वाट चालून झाली. मध्येंच आलेला खोकला काढणें, पंख्याची घरघर कमी करणें, दबलेला आवाज उचलणें, हें संपादनाचें काम संगणकावर करावयाचें असतें आणि त्यासाठीं चांगला स्पीकर लागतो. मुलगा त्यासाठीं पैसे मागतो, तेव्हां वडील विचारतात, "मोबाइल वाजतो ना? मग हा आणखी खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे. हळद, कापूस व सोयाबीन यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरांत तो विचारलाच पाहिजे. त्याचें उत्तर देण्याचा यत्न आम्ही येथें करणार आहों.

प्रथम हें काम क्षुल्लक नव्हे, हें ध्यानांत घ्यावें. हेमा राईरकर व गी प्वातवाँ या पुण्याच्या अभ्यासकांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखांहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील अनेकींचें ध्वनिमुद्रणहि झालें. 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहांत आज त्या कोणासहि ऐकतां येतात. पिठाची गिरणी आली, जातें कोपऱ्यांत गेलें आणि त्याबरोबर ओव्याहि मुक्या होऊं लागल्या. संत नामदेवांच्या नरसीचा हा आपला हिंगोली जिल्हा. येथील वृद्ध स्त्रियांच्या कंठीं अजून जें आहे, तें जपावयाचें तर तें जसेंच्या तसें जपलें पाहिजे.

आतां स्पीकरचा संबंध पाहूं. बाजारांतील पुष्कळसे स्वस्त स्पीकर गाणें गोड वाटावें म्हणून खर्जाचा स्वर मुद्दाम फुगवितात. ऐकणाऱ्यास तें आवडतें. संपादन करणाऱ्याचा मात्र त्यानें घात होतो. आजीचा आवाज त्यावर घुमतो, म्हणून तो खर्ज कमी करतो. तेंच मुद्रण दुसऱ्या साधनावर लावलें कीं आवाज पातळ व निर्जीव निघतो. दोष आवाजांत नव्हता, स्पीकरांत होता. पण शिक्षा आवाजाला झाली. हळदीच्या बाजारांत खोटा कांटा जसा विकणाऱ्यास ठकवितो, तसाच हा प्रकार होय. म्हणून संपादनासाठीं गोड बोलणारा नव्हे, खरें बोलणारा स्पीकर हवा. यामाहा कंपनीनें १९७८ सालीं घरगुती उपयोगासाठीं काढलेला 'एन-एस-१०' हा स्पीकर घरांत फारसा रुचला नाहीं; परंतु मधल्या स्वरांतील दोष तो झांकीत नसे, म्हणून जगांतील असंख्य ध्वनिमुद्रणगृहांत तो जाऊन बसला. त्याचें उत्पादन २००१ सालीं थांबलें.

ज्याच्या पेटींतच ध्वनिवर्धक बसविलेला असतो, अशा स्पीकरला वेगळा ध्वनिवर्धक घ्यावा लागत नाहीं. संगणकाची तार जोडली व विजेची कळ दाबली कीं झालें. मर्यादित पैशांत हाच प्रकार सोयीचा. तो घेतांना खोक्यावरील आंकडे डोळसपणें वाचावे.

पहिला आंकडा वॅटचा. 'पी-एम-पी-ओ' या नांवाखालीं दोन-तीन हजार वॅट छापलेले दिसले तर भुलूं नये. त्या मापाला सर्वमान्य कसोटीच नाहीं. पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांनीं स्वतः हिशेब करावा. स्पीकरला १२ व्होल्ट व २ अँपिअर देणारें जोडयंत्र असेल, तर १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅटच काय ते आंत जातात. सतत बाहेर पडणारी शक्ति त्याहून अधिक कोठून येणार? 'आर-एम-एस' या नांवानें दिलेला आंकडाच विश्वासार्ह समजावा. दोन-तीन फुटांवर बसून ऐकणाऱ्यास प्रत्येक पेटीमागें १० ते २५ वॅट पुरतात.

दुसरा आंकडा कंपनांचा. मनुष्याचा कान सुमारें २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८०, तर स्त्रीचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो; 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांचा सीत्कार मात्र कित्येक हजार हर्ट्झवर असतो. प्रीसोनसचा 'इरिस ३.५' व मॅकीचा 'सीआर-३' या लहान जोड्यांची खालची मर्यादा त्यांच्या निर्मात्यांनीं ८० हर्ट्झ सांगितली आहे. अर्थात् ओव्या, भाषण, कथाकथन यांस तीन-साडेतीन इंची पडदा पुरेसा आहे. पखवाजाची थाप किंवा डग्ग्याचा घुमारा नीट तपासावयाचा असेल, तरच पांच इंचीचा विचार करावा. या मर्यादेपुढें 'अधिक-उणें ३ डेसिबल' अशी नोंद आहे काय, तें पाहावें. ती नसेल तर त्या टोंकाला आवाज किती क्षीण झाला आहे, हें कळण्यास मार्ग नाहीं.

दुकानांत जातांना ओळखीच्या माणसाच्या आवाजाचें मुद्रण बरोबर न्यावें. तो माणूस समोर बसून बोलल्यासारखा वाटतो काय, हीच खरी परीक्षा. दोन स्पीकर ताडून पाहतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. कारण जो थोडा मोठा वाजतो, तोच कानाला उगीच चांगला वाटतो. जोडणी तारेचीच घ्यावी. ब्लूटूथवर आवाज बहुधा सेकंदाच्या दशांशाहून अधिक उशिरां पोंचतो. मग पडद्यावरील खूण एकीकडे व कानावरील शब्द दुसरीकडे, अशी स्थिति होऊन कापणी चुकते. कांहींहि न वाजवितां स्पीकर गुणगुणत असेल, तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा परिणाम असतो. घरचें अर्थिंग व तारा तपासाव्या.

घरीं आणल्यावर मांडणीला एक पैसाहि लागत नाहीं, पण फळ मोठें मिळतें. दोन्ही स्पीकर व आपलें डोकें यांचा समभुज त्रिकोण करावा. वरचा लहान पडदा कानाच्या उंचीस आणावा. पेटी भिंतीला किंवा कोपऱ्याला टेंकवूं नये, कारण त्यामुळें खर्ज वाढतो. वर पत्रे व खालीं फरशी असलेल्या खोलींत आवाज घुमतो; तेथें भिंतीवर जाड वाकळ टांगावी, कोपऱ्यांत गादी उभी करावी. शेवटीं तेंच मुद्रण मोबाइलवर व साध्या हेडफोनवरहि ऐकून पाहावें.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, प्रथम फुकट मिळणाऱ्या 'ऑडॅसिटी' या प्रणालीवर व साध्या तारेच्या हेडफोनवर मुलाला कांहीं महिने काम करूं द्यावें. तो चिकाटीनें करीत आहे असें दिसलें, म्हणजे लहान पण प्रामाणिक जोडी घ्यावी. विद्यार्थ्यांनींहि एक नियम पाळावा: मूळ मुद्रणाला कधीं हात लावूं नये. त्याची प्रत काढून त्या प्रतीवरच संपादन करावें आणि मूळ दोन ठिकाणीं जपून ठेवावें. स्पीकर बिघडला तर दुसरा आणतां येईल. पण ज्या कंठांतून ती ओवी निघाली, तो एकदां निमाला म्हणजे ती पुन्हां कोणाकडून म्हणवून घेणार?