मोटारीचा तोंडवळा

पुणे जिल्ह्यात वडगावे पुष्कळ. मावळात एक, पुण्याला लागून शेरीचे एक, बारामतीकडे निंबाळकरांचे एक. आणि शिरूर व दौंड तालुक्यांच्या शिवेवर, भीमेकाठी, हे वडगाव रासाई. नुसते 'वडगाव' लिहून पत्र टाकले तर ते कोठे जाईल याचा नेम नाही. 'रासाई' हा शब्द जोडला म्हणजे मगच गाव हाती लागते.

मोटारींचेही काहीसे असेच आहे. चार चाके, एक इंजिन आणि पत्र्याची पेटी एवढा ऐवज सर्व गाड्यांत सारखा. मग ही गाडी अमक्या कारखान्याची, हे शंभर पावलांवरून पाटी न वाचता कळते ते कशावरून? जुन्या युरोपीय मोटारींचे शौकीन या प्रश्नावर रात्र रात्र वाद घालतात. ऐकणाऱ्याला तो रिकामपणाचा उद्योग वाटण्याचा संभव आहे. परंतु याच शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका मोठ्या कारखान्याचे बरेवाईट काही अंशी याच प्रश्नाने ठरविले. तेव्हा हा वाद आपणही थोडा समजून घेणे गैर होणार नाही.

युरोपात मोटारीला तोंडवळा आला तो प्रथम गरजेपोटी. इंजिनातील पाणी थंड करणारा रेडिएटर आरंभीच्या काळात गाडीच्या अगदी पुढे, उघड्यावर उभा असे. तो झाकता येत नसे, कारण वारा त्यालाच लागावयास हवा. साहजिकच प्रत्येक कारखान्याने त्याची चौकट आपापल्या धाटणीने घडविली. १९०१ सालच्या मर्सिडीजचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर हा त्या घराण्याचा पहिला चेहरा. पुढे वाऱ्याला न अडविणाऱ्या गोलसर गाड्यांचा जमाना आला, रेडिएटर पत्र्याआड गेला; पण लोकांना ओळखीची झालेली चौकट मात्र जाळीच्या रूपाने जागेवरच राहिली. बीएमडब्ल्यूने १९३३ साली दोन मूत्रपिंडांसारखी जोडजाळी बसविली. तिचा वंश अद्याप चालू आहे. सित्रोएनची उलट्या 'व्ही'ची दुहेरी खूण तर दातेरी चाकांच्या तिरप्या दातांवरून आलेली. मोटारींकडे वळण्यापूर्वी आंद्रे सित्रोएन तशी चाके बनवीत असत. फोक्सवॅगनच्या बीटलला जाळीच नाही, कारण तिचे इंजिन मागे आणि तेही हवेने थंड होणारे. तिथे ओळख आली ती सबंध आकृतीतून. लहान मूलही ती गाडी पाटीवर खडूने काढू शकते, आणि आमच्या मते उत्तम घडणीची यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

फियाटचे प्रकरण याहून निराळे. १८९९ साली स्थापन झालेल्या या कारखान्याचे नाव म्हणजे 'तुरीनचा इटालियन मोटार कारखाना' या अर्थाच्या चार शब्दांची आद्याक्षरे. गावाचे नाव त्यात आहे, चेहरा मात्र नाही. अमुकच जाळी, तमुकच नाक असा आग्रह या घराण्याने कधी धरला नाही. बिल्लादेखील कधी गोल, कधी ढालीसारखा, कधी नुसत्या तिरक्या रेघांचा असा बदलत राहिला. शौकिनांतील कडवी मंडळी यासाठी फियाटला नावे ठेवतात. त्यांचे म्हणणे असे की, जिला स्थिर मुद्रा नाही ती छाप कसली? दुसऱ्या पक्षाचे उत्तर आम्हांस अधिक पटते. दान्ते जाकोसा हे फियाटचे थोर अभियंते. १९३६ ची इवलीशी 'तोपोलीनो', १९५३ ची 'अकराशे' आणि १९५७ ची नवी 'पाचशे' या तिन्ही गाड्या त्यांच्याच हातच्या. तीन गाड्यांची तोंडे तीन तऱ्हांची. समान आहे तो विचार : थोड्या पत्र्यात, थोड्या पेट्रोलात, माणसे आणि त्यांचे सामान नीट बसले पाहिजे. फियाटची ओळख या काटकसरीत होती.

ही काटकसर आपल्याकडे आली ती वालचंद हिराचंद यांच्या कारखान्यातून. सोलापुरात जन्मलेल्या आणि इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविणाऱ्या या उद्योगपतीचे नाव उसाच्या पट्ट्यातील वाचकांना नवे नाही. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ ची, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आरंभी तेथे अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढे तुरीनशी करार झाला आणि पन्नासच्या दशकात 'अकराशे' कुर्ल्यात तयार होऊ लागली. एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी ऐटबाज इंग्रजी नावे तिला मिळाली. ती आज किती जणांना आठवतात? लोकांनी तिचे फुगीर नाक पाहिले आणि तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. हे नाव हेटाळणीचे नव्हे, लाडाचे आहे. आज ज्यांच्याकडे ती गाडी जपलेली आहे ते स्वतःच मोठ्या अभिमानाने 'आमच्याकडे डुक्कर आहे' असे सांगतात.

१९६४ साली कुर्ल्यातून नवी आकृती बाहेर पडली. नाक चपटे, जाळी आडव्या पट्ट्यांची, मागच्या बाजूला अमेरिकन गाड्यांची आठवण करून देणारे छोटे पंख. 'डिलाइट' हे तिचे पहिले नाव. इटलीत ही घडण १९६२ ची, आणि तिची सुधारलेली शेवटची आवृत्तीही १९६९ मध्ये थांबली. कुर्ल्यात मात्र किरकोळ फेरबदलांनिशी ती विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. याचे श्रेय कोणी सौंदर्यदृष्टीला देऊ नये. परवान्यांचे राज्य होते, परदेशी गाड्यांना दरवाजा बंद होता, आणि ग्राहक वर्षानुवर्षे नोंदणीच्या रांगेत उभा होता. अशा स्थितीत साचे बदलण्याचा खर्च कोण करील? परंतु या नाइलाजातून एक विलक्षण गोष्ट घडली. जी आकृती तुरीनमध्ये विस्मरणात गेली ती मुंबईत तीन पिढ्यांच्या नजरेत रुजली.

मध्यंतरी फियाटचा परवाना संपला. गाडी प्रथम 'प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. बिल्ला उतरला, कागद बदलले. लोक मात्र 'फियाट'च म्हणत राहिले. टॅक्सीतळावर 'पद्मिनी कर' असे म्हणणारा मनुष्य आम्हांस भेटलेला नाही. येथे छापेविषयी एक गोष्ट स्पष्ट दिसते : नाव कारखान्याच्या कागदावर बदलता येते, पण आकृती तीच राहिली तर लोकांच्या तोंडचे नाव बदलत नाही.

याची आणखी दोन उदाहरणे रोजच्या बोलण्यातली आहेत. कांदा बाजारात न्यायचा तर आपण 'टेम्पो' सांगतो. टेम्पो ही जर्मनीतील हँबुर्गच्या एका कारखान्याची छाप. तिच्या तीनचाकी गाड्या १९५८ नंतर आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनीत होऊ लागल्या. मूळ जर्मन कारखाना दुसऱ्यात विलीन होऊन गेला, येथील कंपनीनेही २००५ साली 'फोर्स मोटर्स' असे नाव घेतले; पण टेम्पो हा शब्द सामान्यनाम होऊन मराठीत कायमचा राहिला. दुसरा शब्द 'जीप'. तो युद्धकाळातला, अमेरिकन. त्याची मौज पुढे येईल.

आता रांजणगाव. १९९७ च्या सुमारास फियाटने महागणपतीच्या या गावी कारखाना थाटला. २००७ साली टाटा मोटर्स त्यात निम्म्याने भागीदार झाली. २००९ मध्ये तेथून 'लिनिया' आणि 'ग्रांदे पुंतो' या गाड्या बाहेर आल्या. ग्रांदे पुंतोच्या रेखनात जोर्जेत्तो जुजारो यांच्यासारख्या नामांकित इटालियन रेखनकाराचा हात होता. दिसायला देखणी, रस्त्यावर पक्की, पत्रा जाड. शौकीन आजही तिची तारीफ करतात. तरीही गाड्या खपेनात. २०१९-२० च्या सुमारास फियाट हे नाव भारतीय बाजारातून उठले.

आणि याच कारखान्यात तयार होणारे तेराशे सीसीचे डिझेल इंजिन मात्र देशभर धावत होते. फियाट त्याला 'मल्टिजेट' म्हणे, टाटा 'क्वाड्राजेट', मारुती 'डीडीआयएस'. मारुतीने तर ते परवान्याने आपल्या कारखान्यातही केले. फियाटचे काळीज असलेल्या स्विफ्ट गावोगाव दिसत आणि मालकाला त्याचा पत्ताही नसे. २०२० मध्ये धुराविषयीचे कडक नियम लागू झाले तेव्हा त्याची कारकीर्द संपली. शौकिनांत यावर दुमत आहे. काहींच्या मते दोष विक्री आणि दुरुस्तीच्या विस्कळीत व्यवस्थेचा. २०१२ पर्यंत फियाटच्या गाड्या टाटांच्या दुकानांतून विकल्या जात, मग फियाटने तो संसार वेगळा मांडला. हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. कुर्ल्याच्या गाडीचा सुटा भाग आणि ती खोलू शकणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडे, कारण गाडी तीन दशकांहून अधिक काळ तीच होती. पुंतो आणि लिनिया यांचे त्या गाडीशी दिसण्यात काहीच नाते नव्हते. आजोबांची फियाट आणि नातवापुढची फियाट यांत समान काय, तर एक शब्द. चेहरा न जपणाऱ्या घराण्याने जुन्या लोभाचा आधार स्वतःच सोडला होता, असे आम्हांस वाटते.

रांजणगावात २०१७ पासून 'जीप कंपास' तयार होते. आता गंमत पाहा. आपल्या खेड्यापाड्यांत जीप म्हणजे कोणतीही उंच, दणकट गाडी. महिंद्रांनी विलीजची जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जुळवायला घेतली तेव्हापासूनची ही बोली. ज्या शब्दाने मराठी मनुष्य दुसऱ्यांच्या गाड्या ओळखतो तो शब्द स्वतःचे विशेषनाम म्हणून परत मिळविणे या कारखान्याच्या वाट्याला आले. सात उभ्या फटींची जाळी त्यासाठी पुढे केली जाते. युरोपीयांनी रेडिएटरपासून जो धडा घेतला तो अमेरिकन घराण्याने अधिक निष्ठेने पाळला, असे म्हणावे लागते.

हा सगळा वाद आज निकडीचा झाला आहे तो दुसऱ्याच कारणाने. मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. निदान एक तरी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केलेली आहे : पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापरातली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडीचा सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, नोंदणीस वीस हजार रुपये पडतात. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या वयात आली.

अडचण 'मूळ स्वरूप' या शब्दांत आहे. या गाडीला वेगळी चासीच नाही; १९५३ च्या 'अकराशे'पासून पत्र्याची एकसंध पेटी हाच तिचा कणा. मुंबईच्या खाऱ्या हवेत खालचा पत्रा सडतो, तो कापून नवा जोडावाच लागतो. टॅक्सीने तर सीएनजीची टाकी डिकीत घेतली, आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर चढले. शौकिनांतील एक पक्ष म्हणतो, हे सारे उपटून काढा आणि गाडी तुरीनच्या नकाशाप्रमाणे करा. त्यांची मेहनत आणि ज्ञान यांविषयी आम्हांस आदर आहे. पण १९६२ ची स्वच्छ इटालियन गाडी पाहावयाची असेल तर ती इटलीत आहे. मुंबईची गाडी ठेवायची झाल्यास तिचे कॅरिअर, बाहेर बसविलेले मीटर, डिकीतील टाकी आणि मिस्त्रींनी जोडलेला पत्रा यांसकट ठेवावी. बॉनेटवरचा 'प्रीमियर'चा बिल्ला तसाच असू द्यावा. आणि शेजारच्या माहितीच्या पाटीवर, लोक जे म्हणत आले ते, मोठ्या अक्षरांत 'फियाट' असे लिहावे.