एकाच गावात एकाचं सोयाबीन सुकतं, दुसऱ्याचं सडतं; जालन्याच्या मुरमाड जमिनीचं गणित काय आहे?

दर पावसाळ्यात दोन प्रकारचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. पावसाने दडी मारली की माना टाकलेल्या सोयाबीनचा आणि अतिवृष्टी झाली की पाण्यात बुडालेल्या सोयाबीनचा. खाली कमेंट ठरलेली असते, "आधी पाऊस नाही म्हणून रडता, मग जास्त झाला म्हणून रडता."

आता गंमत बघा. हे दोन्ही व्हिडिओ एकाच गावातले असू शकतात. पाऊस तोच, बियाणं तेच, पेरणीचा आठवडाही तोच. फरक एवढाच की एक शेत माळावर आहे आणि दुसरं नदीकाठी. मराठवाड्यातला कुठलाही शेतकरी जमीन विचारताना आधी एकरं विचारत नाही, "हलकी की भारी?" हे विचारतो. जालना जिल्ह्यात या एका प्रश्नावर बरंच काही अवलंबून आहे.

हलकी जमीन म्हणजे नेमकं काय?

मुरमाड, बरड, खडकाळ, माळरान. नावं वेगवेगळी असली तरी वर वीतभर माती, त्यात दगडगोटे, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी ही जमीन असते.

हा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून लाव्हा बाहेर पडला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. ऊन, पाऊस आणि हवेने हा खडक हळूहळू कुजतो. अर्धवट कुजला की मुरूम होतो, पूर्ण कुजला की माती. मग एकाच खडकापासून एकीकडे काळी कसदार जमीन आणि दुसरीकडे बरड कशी? तर उतारामुळे. उतारावर तयार झालेली बारीक माती पावसाबरोबर खाली जाते, जाड खडे मागे राहतात. खाली गेलेली माती सखल भागात साचत राहते.

म्हणून जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या उतारांवर मातीचा थर पातळ सापडतो. दक्षिणेला गोदावरीच्या बाजूला, अंबड-घनसावंगीकडे खोल काळी जमीन भेटते. अर्थात हे ढोबळ झालं. प्रत्येक गावात एक छोटा डोंगर आणि एक छोटी गोदावरी असतेच.

तिकडे लडाखच्या चांगथांगमध्ये, ४,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर, पश्मिना शेळ्या चरतात ती कुरणंही अशीच खडकाळ. तिथे खडक फोडण्याचं काम थंडी करते. भेगेतलं पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि दगड तडकतो. जालन्यात बर्फ नाही, पण पातळ माती, भरपूर दगड आणि न थांबणारं पाणी हे तिन्ही गुण सारखेच. त्यामुळे दोन्हीकडे माणसाने उत्तरही सारखंच काढलं. गवत एका जागी पुरत नाही, म्हणून तिकडे चांगपा लोक शेळ्या घेऊन फिरतात, इकडे धनगर मेंढ्या घेऊन.

निचरा चांगला, मग तक्रार कशाची?

शेतीच्या पुस्तकात 'पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन' हे कौतुकाने लिहिलेलं असतं. पण निचरा चांगला याचा दुसरा अर्थ पाणी हाताला लागत नाही.

हिशोब करून बघू. एक मीटर खोल काळी जमीन पिकाला वापरता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. मुरमाड जमिनीत माती समजा २० सेंटीमीटर आणि त्यातही निम्मे दगड. तिथे पिकाच्या वाट्याला १० ते १५ मिलिमीटर येतं. भर वाढीतलं पीक दिवसाला ४-५ मिलिमीटर पाणी पितं. म्हणजे पाऊस थांबल्यावर बरड जमिनीवरचं पीक तीन-चार दिवसांत तहानेला येतं. खालच्या मुरमात थोडी ओल असते, तिच्यावर आणखी काही दिवस निघतात. काळ्या जमिनीतलं पीक मात्र तीन-चार आठवडे सहज काढतं. जिल्ह्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो किती पडला यापेक्षा दोन पावसांत किती दिवसांचा खंड होता, हे माळावरच्या शेतकऱ्यासाठी जास्त महत्त्वाचं.

अतिवृष्टीत चित्र उलटं होतं. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, छिद्रं बंद होतात, पाणी तुंबतं आणि मुळांना हवा मिळत नाही. पीक पिवळं पडून सडतं. माळावरचं पाणी मात्र तासाभरात निघून जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात पाणी तुंबणं म्हणजे काय हे सगळ्यांनी पाहिलं. पण माळावरचा माणूसही तेव्हा सुटत नाही. उतारावर पाणी जोरात वाहिलं तर असलेली वीतभर मातीच खरडून जाते. एक सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. पीक पुढच्या हंगामात परत येतं, माती तशी येत नाही.

मग इथे पिकतं काय?

जालन्याची मोसंबी हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मोसंबीला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. भारी जमिनीत पाणी तुंबलं की मूळकूज आणि डिंक्या येतो. तिला लागते मध्यम खोलीची, खाली मुरूम असलेली जमीन. पण याच निचऱ्यामुळे उन्हाळ्यात तिला बाहेरून पाणी द्यावंच लागतं. २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी बागा जळाल्या.

त्याच काळात कडवंची हे गाव मात्र चर्चेत आलं, कारण तिथल्या द्राक्षबागा हिरव्या होत्या. जालना तालुक्यातल्या या गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती केली, समतल चर खोदले. मुरूम पाणी झिरपू देतो, हा त्याचा स्वभावच त्यांनी वापरला. वाहून जाणारं पाणी अडवलं, ते मुरमातून खाली उतरलं आणि विहिरींना आलं. पुढे शेततळी आली. इथे एक अडचण होती. जी जमीन पाणी धरत नाही, तिथे खोदलेलं तळं तरी कसं धरणार? म्हणून तळ्याला प्लास्टिकचं अस्तर. माळावर निळ्या-काळ्या कागदाची तळी दिसतात ती यासाठीच. द्राक्षाला तर मुळाशी हवा खेळती लागतेच, ती मुरमात आयती मिळते.

ज्यांच्याकडे शेततळं नाही त्यांच्यासाठी सुटका वेळेत आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेला तुरीचा बीडीएन ७११ हा वाण साधारण १५० ते १५५ दिवसांत येतो. जमिनीतली ओल संपायच्या आत पीक घरात. सीताफळ आणि बोर यांनाही बरड जमीन चालते. आणखी एक जुना उपाय म्हणजे तलावातला गाळ टाकणं. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ पासून यासाठीच आहे. पावसाने खाली नेलेली माती ट्रॅक्टरने परत वर आणायची, असा हा सरळ व्यवहार.

गाव ज्याला पडीक म्हणतं

सगळीच बरड जमीन पिकाखाली आणायला हवी असंही नाही. मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवतं या मुरमावर येतात. चराई जास्त झाली की आधी हीच गवतं संपतात आणि मागे कुसळी उरते, जिची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत रुततात. सातबाऱ्यावर असा तुकडा 'पोटखराबा' म्हणून लागतो, गावाच्या मालकीचा असेल तर गायरान. कागदावर निरुपयोगी दिसणारी ही जमीन मुरूम उपसायला सगळ्यात आधी आठवते. रस्त्याला, घराच्या भरावाला मुरूम लागतोच. पण आपल्या भागात भूजल साठतं ते कुजलेल्या आणि भेगाळलेल्या खडकात. टेकडीचा मुरूम गेला की पायथ्याच्या विहिरीचं पाणीही कमी होतं, आणि विहिरीच्या मालकाला ते दोन-तीन उन्हाळ्यांनी कळतं.

आपली जमीन कशी आहे हे घरी बघता येतं. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. लगेच पुन्हा भरा आणि तासात पातळी किती उतरली ते मोजा. अडीच ते साडेसात सेंटीमीटर उतरली तर निचरा चांगला. त्याहून खूप जास्त तर जमीन पाणी धरत नाही. खूप कमी तर तिथे मोसंबी लावायच्या आधी दोनदा विचार करा.

हा खड्डा सरकारी हिशोबात कुठेच नसतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि पीक विम्यातलं उत्पादन मंडळाच्या सरासरीवर ठरतं. त्या सरासरीत माळावरचं सुकलेलं शेतही असतं आणि नदीकाठचं भरलेलं शेतही. त्यामुळे विम्याचे पैसे का आले नाहीत, असं माळावरचा शेतकरी विचारतो तेव्हा त्याला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या काळ्या रानातून आलेलं असतं.