कोकणच्या अंगणात सह्याद्रीची रानफुले



दरवर्षी पावसाळ्यात वसई, अलिबाग, मुंबईकडच्या मंडळींतून काही जण दिंडोरी तालुक्याच्या पश्चिमेकडील पाड्यांवर भेटीला येतात. बांधावर आणि डोंगरउतारावर फुललेली रानफुले पाहून हरखून जातात आणि निघताना हमखास विचारतात, "याचा एखादा कंद मिळेल का? घरी लावू." मागणी साधी असते, पण तिला नुसते 'हो' किंवा 'नाही' म्हणून भागत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी चांगली गोष्ट सांगतो. यातली बरीच झाडे तुमच्याकडे छान होतात. आमच्याकडे हिवाळ्यात थंडी इतकी पडते की द्राक्षबागायतदारांना घोर लागतो. किनाऱ्यावर तशी थंडी नाही, आणि पाऊस भरपूर. ही झाडे पावसाचे चार महिने वर राहतात आणि उरलेले आठ महिने कंदाच्या रूपाने जमिनीत झोपतात. त्यांना तुमची हवा मानवते. तरीही किनाऱ्यावरच्या बागांत बोगनवेल असते दक्षिण अमेरिकेची, अडेनियम असते आफ्रिकेचे, आणि सह्याद्रीची फुले मात्र क्वचितच दिसतात.

पहिली कळलावी, म्हणजेच अग्निशिखा. हिच्या पानांची टोके तणाव्यासारखी वळतात आणि मिळेल त्या आधाराने वेल वर चढते. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा नागमोडी, रंग आधी हिरवट पिवळा आणि मग केशरी-लाल. कुंपणापाशी ऊन मिळेल तिथे लावावी. कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून संस्कृतात हिला लांगली म्हणतात. तामिळनाडूचे हे राज्यफूल आहे. मात्र हिचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद तर फारच. त्यातल्या कोल्चिसिन या द्रव्यापासून संधिवाताच्या एका प्रकारावरचे औषध करतात, पण ते काम औषध कारखान्याचे. घरात लहान मुले किंवा गुरे असतील तर ही वेल लावू नये. कंद हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत.

दुसरी रानहळद. पाने हळदीसारखीच. फुलांच्या दांड्यावर गुलाबी-जांभळ्या पानांचा तुरा आणि त्याखाली पिवळी फुले. रोपवाटिकेत कुंडीत मिळणारी थायलंडची शोभेची 'कुर्कुमा' ही हिचीच बहीण. आपली रानहळद मात्र भारतीय द्वीपकल्पाबाहेर रानात कुठेच उगवत नाही. नारळी-पोफळीच्या विरळ सावलीत ती चांगली वाढते.

तिसरा पेव. हा कोकणाला नवा नाही. पावसात रस्त्याकडेला आपोआप उगवतो, पण त्याला बागेत कोणी बोलावत नाही! माणसाच्या उंचीचा दांडा, त्यावर जिन्यासारखी गोल फिरत गेलेली पाने आणि टोकाला क्रेपच्या कागदासारखी नाजूक पांढरी फुले. फुले गळाली तरी खालची लाल बोंडे बरेच दिवस शोभा देतात. विहिरीजवळची ओलसर, सावलीची जागा याला आवडते. शेजाऱ्याच्या वाडीतून विचारून आणलेला गड्ड्याचा एक तुकडा पुरेसा होतो.

चौथी सफेद मुसळी. गवतासारखी पाने आणि मधून उभा राहणारा पांढऱ्या चांदणीफुलांचा दांडा. घरात टांगलेल्या कुंडीतला स्पायडर प्लांट हा हिचा आफ्रिकेतला भाऊबंद. हिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिॲनम, मुंबईच्या बोरिवलीवरून दिलेले. नाव देणाऱ्या दोघांपैकी एक होते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०). स्पेनमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले.

या झाडांची निगा अवघड नाही. एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दिवाळीनंतर पाने पिवळी पडून झाड नाहीसे होते. ते मेलेले नसते, झोपलेले असते. अनेक जण त्याला पाणी घालत राहतात आणि कंद कुजतो. काही जण कुंडी रिकामी समजून उलटी करतात. जागेवर काडी रोवून खूण ठेवा आणि पाणी बंद करा. पहिल्या पावसात कोंब आपोआप वर येईल. पाणी साचू नये म्हणून मातीत वाळू आणि शेणखत मिसळा. समुद्राचा खारा वारा थेट लागणार नाही असा आडोसाही हवा.

आता त्या मागणीकडे वळू. रानातला कंद आम्ही उपटून का देत नाही?

मुसळी आणि तिच्या जातभाईंची कोवळी पाने म्हणजे फोडशीची भाजी. पहिल्या पावसानंतर शेतात अजून काहीच आलेले नसते, घरातले धान्य संपत आलेले असते. तेव्हा कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतल्या बायका रानातून ही भाजी आणतात. काही घरी शिजते, काही बाजारात विकली जाते. पाने कापली आणि कंद जमिनीत राहिला, तर पुढल्या वर्षी तीच जागा पुन्हा भाजी देते. कंद काढला की ती जागा संपली. औषधाच्या व्यापारासाठी मुसळी इतकी खणली गेली आहे की कित्येक डोंगरांवर ती विरळ झाली. एका पाहुण्याने एक कंद नेला तर काय बिघडते, असे वाटेल. पण पैसे देऊन कंद मागणारे वाढले की खणणारेही वाढतात, आणि नुकसान त्या भाजीवर भिस्त असलेल्या घराचे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला आहे, आणि त्यात कंदमुळेही येतात.

झाडावर वाढणारी सीतेची वेणी तर कधीच मागू नका. या ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते आणि विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याशिवाय रानात रुजत नाही. तोडून नेलेले झाड बहुधा टिकत नाही, आणि रानातही त्याची जागा लवकर भरत नाही.

मग रोप आणायचे कुठून? कळलावीचे बी पावसाळ्याच्या अखेरीस शेंगा उकलल्या की मिळते. फुलायला दोन-तीन वर्षे लागतात, पण वेल आयुष्यभराची होते. मुसळीची आता शेती होते, म्हणून शेतात वाढवलेलेच कंद घ्यावेत. रानहळद रोपवाटिकेतून घेताना "ही तुम्ही वाढवली की रानातून आणली?" हे जरूर विचारा. उत्तर नीट मिळाले नाही तर घेऊ नका. गिऱ्हाईक विचारू लागले की विकणाराही जपून वागतो.

परदेशी शोभेची झाडे लावतानाही थोडा विचार करा. घाणेरी एकोणिसाव्या शतकात शोभेचे झुडूप म्हणूनच भारतात आली. आज तिने रानातली गवताची जागा व्यापली आहे आणि गुरांना चरायला जागा कमी पडते. गोदावरीत साचणारी जलपर्णीही अशीच फुलासाठी आणलेली. आपोआप पसरणारे झाड कुंपणाबाहेर जाऊ देऊ नये.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पावसाला थोडेच दिवस उरले असतील. कंद लावायची हीच वेळ. आणि पावसात इकडे आलात तर बाजारातून फोडशीची एक जुडी जरूर विकत घ्या. कांदा आणि मूगडाळ घालून ती फार चवदार होते.