दोघांची सायकल, एकच सांगाडा

'डबलसीट' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र डबलसीटमध्ये पायडल मारणारा एकच असतो, दुसरा म्हणजे प्रेमाचे ओझे. टँडेम सायकलवर दोघेही पायडल मारतात. हँडल आणि ब्रेक सहसा पुढच्याच्या हाती. मागच्याच्या वाट्याला पाय आणि विश्वास. १९०८ साली आणि पुढे १९२० ते १९७२ या काळात ऑलिम्पिकमध्ये टँडेमची शर्यत होत असे. आज पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिबाधित सायकलपटू डोळस साथीदारामागे बसून तिच्यावरच शर्यती लढवतात. काचबिंदूने ऐन तारुण्यात दृष्टी गमावलेले पुण्याचे दिव्यांशू गणात्रा २०१६ मध्ये टँडेमवरूनच मनालीहून खारदुंगला खिंडीपर्यंत गेले.

अशी सायकल आपल्या रस्त्यांवर चालवायची, तर फ्रेम कशाची हवी? रूढ समज असा की पोलाद मऊ चालते, ॲल्युमिनियम हाडे खिळखिळी करते आणि कार्बन धक्के गिळतो. यात तथ्य थोडे आहे.

ताठरपणात पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट आहे आणि वजनातही जवळजवळ तिप्पटच. टायटॅनियम दोन्ही बाबतींत मधले. म्हणजे वजनाच्या हिशेबात तिन्ही धातू साधारण एकाच पायरीवर येतात. खरा फरक पाडते ती नळीची जाडी. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण वाकण्याला आणि पिळाला होणारा विरोध आठपट. ॲल्युमिनियम हलके असल्याने त्याच्या नळ्या फुगीर करणे परवडते. म्हणून त्याच्या फ्रेम कडक लागतात. ती कडकी धातूपेक्षा आकाराची असते.

टँडेममध्ये हा आकार निर्णायक ठरतो. दोन चाकांतील अंतर साध्या सायकलीत सुमारे एक मीटर, इथे पावणेदोन मीटरच्या आसपास. भार दोघांचा आणि पायांचे जोरही दोघांचे. बुलढाण्याहून मोताळ्याकडे येताना राजूर घाटाची वळणे लागतात. तिथे मागचा जरा कलला, की त्याचा पीळ लांब फ्रेममधून पुढे हँडलपर्यंत पोचतो. फ्रेम लवचीक असेल तर सायकल शेपूट हलवल्यासारखी डुलते आणि पुढच्याला वळण साधत नाही. म्हणूनच दोन्ही क्रँकांना जोडणारी खालची नळी मुद्दाम जाड किंवा लंबगोल करतात. साध्या सायकलीच्याच नळ्या वापरून, धातू कोणताही असो, टँडेम लांबवली तर ती ढिलीच निघणार.

मग धक्क्यांचे काय? उभ्या दिशेने कोणतीही त्रिकोणी फ्रेम फारशी दबत नाही. तिच्यापेक्षा कितीतरी जास्त दबतो तो टायर. शिवाय टँडेमवर मागचा स्वार जवळजवळ मागच्या चाकावरच बसतो. त्याला समोरचा खड्डा दिसत नाही, त्यामुळे बूड उचलून धक्का चुकवता येत नाही. मागे बसणारा दृष्टिबाधित असेल, तर पुढच्याने वेळेवर 'खड्डा!' म्हणून ओरडणे हेच त्याचे पहिले शॉकॲब्सॉर्बर. दुसरे म्हणजे रुंद टायर आणि बेताची हवा; तिसरे, स्प्रिंगची सीटदांडी. धातूचा क्रमांक त्यानंतर.

तरीही मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी माझे मत पोलादालाच जाईल, पण आरामासाठी नव्हे. पोलादाला ठराविक मर्यादेखालचे ताण लाखो वेळा सोसता येतात. ॲल्युमिनियममध्ये लहान ताणांचीही थकवण साचत जाते, म्हणून त्याची फ्रेम मुळातच भक्कम बांधावी लागते. आणि तडा गेलाच, तर पोलादाला डाग देणारा कारागीर गावोगावी सापडतो. ॲल्युमिनियमला वेगळे वेल्डिंग लागते, अनेकदा त्यानंतर भट्टीत पुन्हा पक्के करावे लागते. कार्बनची दुरुस्ती तर मोठ्या शहरातही मोजक्याच हातांना जमते.

म्हणून टँडेम निवडताना आधी खालची नळी किती जाड आहे ते पाहावे, मग फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो ते; धातू शेवटी विचारावा. पुढे बसणाऱ्याला वळण साधले पाहिजे आणि मागच्याला, रस्ता न दिसताही, निर्धास्त पायडल मारता आले पाहिजे. सांगाड्याची परीक्षा एवढीच.